ऑर्बीचं तिसरं पेडल

पाय धुण्याच्या रविवारी बायका घरूनच पाय धुऊन येतात. पॉप्लर कॉर्नरच्या त्या लहानशा चर्चमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी बोलून दाखवत नसे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा ते वाटेच्या धुळीने माखलेले होते. पण आपल्या टाचेची माती दुसरीच्या हाताला लागावी हे कोणत्या बाईला रुचेल? म्हणून आदल्या दिवशीच टाचा घासायच्या, नखं कापायची, आणि रविवारी दुपारी ते स्वच्छ पाय एकमेकींकडून पुन्हा धुऊन घ्यायचे. प्रभू एवढा अभिमान पोटात घालत असावा.

नेड्रा कोल्थार्पनेही पाय घासले होते. बेकर्सफील्डच्या मोटेलात सकाळपासून तीनदा. तरी आता चर्चसमोर गाडीत बसल्या बसल्या तिला वाटत होतं, की एवढ्याने काय होतंय. जे निघायला हवं ते टाचेला लागलेलंच नाही.

दुपारचे साडेतीन वाजले होते. संत्र्यांच्या बागांना मोहोर आला होता आणि त्याचा गोड वास बटाट्याच्या शेडमधल्या मातकट वासात मिसळून गाडीत येत होता. लोक दोघंतिघं करून आत जात होते. बायकांच्या हातात झाकलेली भांडी होती. विधी झाला की अंगणात सगळे मिळून जेवतात. घेवड्याच्या बिया, मक्याचा पाव, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली भेंडी. नेड्रा रिकाम्या हाताने आली होती. तीस वर्षांनी माहेरच्या गावी येऊन रिकाम्या हाताने.

ती आली ती एका फोनमुळे. गुरुवारी लॉस एंजेलिसच्या घरी तिला ऑस्टरमन नावाच्या एका लेखकाचा फोन आला. शेतमजुरांच्या गाण्यांना शहरातल्या पोरांनी विजेच्या गिटारींची जोड दिली, त्यातून जे संगीत उभं राहिलं त्याच्या मुळांचा तो शोध घेत होता. पुस्तक तयार होतं. फक्त एक वाक्य त्याला तपासून घ्यायचं होतं.

“एक्काहत्तर सालच्या मासिकातली तुमची मुलाखत आहे,” तो म्हणाला. “त्यात तुम्ही म्हणालाय, ‘गिटारीच्या तिसऱ्या पेडलची कल्पना माझी. मीच खटपट करून बसवलं.’ हे आज जगभर सगळे वाजवतात, म्हणून विचारतो. असंच छापू ना?”

नेड्रा म्हणाली, “सोमवारी सांगते.”

आणि आज रविवार होता.

नेड्राचे आईवडील, त्यांचे शेजारी, या चर्चमधली सगळी पहिली पिढी ओक्लाहोमातून आलेली. आभाळ मातीने काळं झालं, तीन वर्षं पीक आलं नाही, तेव्हा गाडीच्या टपावर गाद्या बांधून ही माणसं इथे उतरली आणि दुसऱ्यांचा कापूस वेचू लागली. गावातले लोक त्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवायचे. त्यांच्या गाण्यांना तर कुत्रंही विचारत नव्हतं. नाकातून गाणारी माणसं, म्हणायचे.

त्यांच्यातलाच ऑर्बी टॅकेट. बटाट्याच्या शेडमध्ये मशीन दुरुस्त करायचा. बोलताना अडखळायचा, इतका की दुकानात मीठ मागायचं असलं तरी बोटाने दाखवायचा. चर्चची स्टील गिटार त्यानेच बनवली होती. ती मांडीसमोर टेबलासारखी आडवी, चार पायांवर उभी. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, आणि पायाने पेडल दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढायचा. वाजवायची त्याची बायको, आर्विला. अठ्ठावन्न साली एकदा ती जेवता जेवता म्हणाली, “गाताना माणसाचा गळा दाटतो ना, तेव्हा सूर वरही जातो आणि खचतोही. एकाच वेळी. तारेला का जमू नये ते?” पुढच्या अकरा संध्याकाळी ऑर्बी त्या गिटारीखाली उताणा पडून होता. जुन्या ट्रकच्या क्लचची सळई, दाराची स्प्रिंग, आणखी काय काय. बाराव्या दिवशी तिसरं पेडल लागलं. ते दाबलं की एक तार चढायची आणि शेजारची उतरायची, दाराशी भेटलेल्या दोन बहिणींपैकी एकीने टाचा उंचवाव्या आणि दुसरीने वाकावं तशी. पहिल्यांदा ते चर्चमध्ये वाजलं तेव्हा गाणारे गायचे थांबले होते.

नेड्रा बारा वर्षांची झाल्यावर आर्विलामावशीने तिला शेजारी बसवून शिकवायला घेतलं. तिसऱ्या पेडलपाशी आल्यावर मावशीने तिचा हात बायबलवर ठेवला. “हे प्रभूच्या घरात वाजवायचं. बाहेर नाही.”

“नाही वाजवणार, मावशी.”

विसाव्या वर्षी तिने ते बाहेर वाजवलं. घरी न सांगता ती बेकर्सफील्डच्या एका गुत्त्यात शनिवारी वाजवायला जायची. तिथे एकदा लॉस एंजेलिसची चार लांब केसांची पोरं आली. ज्या गाण्यांना त्यांच्या आयांनी नाकं मुरडली, तीच गाणी शोधत हिंडत होती. त्यांच्यातला किप नावाचा म्होरक्या गाणं संपल्यावर तिच्यापाशी येऊन म्हणाला, “ते मघाशी रडलं ते काय होतं? पुन्हा रडव ना.” दोन महिन्यांनी ती त्यांच्याबरोबर रेकॉर्डिंगला बसली होती. तिने स्वतःच्या गिटारीला ऑर्बीसारखंच पेडल बसवून घेतलं होतं. गाणं तीन मिनिटांचं. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात ते प्रत्येक गाडीतून ऐकू येत होतं. पुढे ज्याने त्याने ते उचललं. आता ते मोटारीच्या जाहिरातीत होतं, किराणा दुकानात होतं. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड वासून पडलेली असताना नेड्राने ते छतातल्या स्पीकरमधून ऐकलं, आणि डोळ्यांत पाणी आलं तेव्हा डॉक्टरने घाईघाईने विचारलं, “फार दुखतंय का?”

वचन मोडलं म्हणून तिचं मन तिला खात होतंच. पण त्याहून ते मासिकातलं वाक्य. ते बोलताना तिने मनाशी म्हटलं होतं, मावशीचं नाव घेतलं तर हे लोक कॅमेरे घेऊन चर्चच्या दारात उभे राहतील. त्यापेक्षा नकोच. ही पळवाट आहे हे तिला तेव्हाही कळत होतं. त्यानंतर ती कुठल्याही चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसली नाही. रोज सकाळी स्तोत्र वाचायची, जेवणाआधी डोळे मिटायची, पण भाकर आणि पेला पुढे आला की शेजाऱ्याकडे सरकवायची. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याशी आधी समेट, मग मेजावर जागा, हे ती लहानपणीच शिकली होती.

काचेवर टकटक झाली.

“कोण गं ती? हवा टायरमधली गेली की पायातली?” जाडजूड चष्मा लावलेली एक बाई वाकून आत बघत होती. हातात पांढऱ्या घमेल्यांची चळत. “अगं बाई, नेड्रा कोल्थार्प! टीव्हीवर जाडी दिसतेस हो तू. मी झेल्मा. फॅरिस पोगची बायको. आम्ही बाहत्तरला आलो, तोवर तू मोठी झाली होतीस. उतर, ही अर्धी घमेली धर. पाहुणीला काम दिलं की ती पळून जात नाही.”

नेड्राने घमेली धरली. हातात काहीतरी आलं म्हणून तिला बरंच वाटलं.

आत काही बदललं नव्हतं. तेच बाक, तोच मेणाचा वास. पुढे पाळकांची सून विजेची गिटार घेऊन उभी होती, आणि गीताच्या शेवटच्या ओळीला तिने दोन तारा बोटांनी अशा ओढल्या, की एक चढली आणि एक खचली. पेडल नाही, काही नाही. नुसत्या बोटांनी.

“रेडिओवरून उचललंय तिने,” झेल्मा कानाशी म्हणाली. “तुमच्याच त्या रेकॉर्डवरून. सगळेच उचलतात म्हणा. आमच्या ऑर्बीनेसुद्धा नव्हतं का उचललं?”

“काय उचललं?”

“तुझं पेडल गं. रेकॉर्डवर ऐकून त्यानेही बसवलं होतं म्हणे. मग लोक हसायला लागल्यावर काढून टाकलं. बिचारा. त्र्याऐंशीला गेला.”

कोपऱ्यात चादरीखाली ती जुनी गिटार होती. चादर खालपर्यंत पोचत नव्हती. नेड्राने पाहिलं. खाली दोनच पेडलं होती, आणि तिसऱ्याच्या जागी लाकडात दोन भोकं.

हातातली घमेली खणखणली. दोनतीन माना वळल्या. पहिल्या बाकावरची एक पांढरी, ताठ मान मात्र वळली नाही. आर्विलामावशी. एक्याऐंशी वर्षांची.

रेकॉर्डवर ऐकून त्यानेही बसवलं. नेड्राने आजवर आपल्या पापाचा हिशेब शेकडो वेळा केला होता. पण आपण ज्याचं घेतलं, त्यालाच लोक चोर म्हणाले असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पाळक बोलत होते ते तिच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. भाकरीचं ताट आलं, तिने पुढे दिलं. द्राक्षरसाचा ट्रे आला, तोही दिला. झेल्माने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि ट्रे पुढे सरकवला.

मग मधोमध दोरीवर चादरी टांगल्या. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. कोमट पाण्याच्या बादल्या आल्या. बायकांनी मोजे काढले, कमरेला लांब टॉवेल बांधले आणि जोड्या जमवल्या. इथली रीत अशी, की पाण्याला हात लावण्याआधी समोरचीबद्दल मनात काही असेल तर ते हळू आवाजात सांगून टाकायचं. बहुतेक वेळा ते किरकोळच असतं. तुझ्या केकला नावं ठेवली, तुझ्या सुनेबद्दल बोलले. सांगायचं, हसायचं, धुवायचं. तसलीच कुजबुज सुरू झाली.

आर्विलामावशी भिंतीकडच्या खुर्चीवर एकटीच बसली होती. अनवाणी पाय शेजारी शेजारी ठेवलेले. नेड्रा घमेलं घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“ये,” मावशी म्हणाली. “मला वाटलं आज गाडीतच मुक्काम आहे.”

“तुम्ही पाहिलंत?”

“डोळे अजून शाबूत आहेत माझे. निळी गाडी. अर्धा तास.”

“मावशी, पाण्याला हात लावण्याआधी मला बोलायचंय.”

“मग बोल. रीतच आहे ती.”

नेड्राने घरापासून वाक्यं जुळवत आणली होती. त्यातलं एकही आता सापडेना. “मी वचन मोडलं,” ती म्हणाली. “बायबलवर हात ठेवून दिलेलं. ते पेडल मी गुत्त्यात वाजवलं, त्या पोरांबरोबर वाजवलं. प्रभूचं होतं ते मी बाजारात नेलं.”

मावशी चक्क हसली. “हे सांगायला आलीस तू डोंगर ओलांडून?”

“हो.”

“अगं, ते मला एकोणसत्तरलाच कळलं. मी ओट्याशी भेंडी चिरत होते आणि रेडिओवर ते लागलं. पहिल्यांदा रागच आला मला, खोटं कशाला बोलू. हातातली सुरी तशीच. पण ऑर्बी उठला आणि त्याने रेडिओ मोठा केला. गाणं संपेपर्यंत बोटांनी टेबलावर ताल धरून बसला. आणि मग म्हणाला… त्याला म्हणायला गाण्याइतकाच वेळ लागला… म्हणाला, ‘आ… आ… आपलं.’” मावशीने मांडीवरचा टॉवेल सारखा केला. “त्याचा चेहरा बघून माझा राग गेला. वचन तू प्रभूला दिलंस, ते तुझं आणि त्याचं. माझ्याकडून ते त्याच दिवशी सुटलं.”

नेड्राचे डोळे भरून आले. एवढी वर्षं वाहिलेलं ओझं आपणच उगाच वाहिलं की काय, असं क्षणभर वाटून तिचा श्वास मोकळा झाला. तो क्षणभरच.

“मग ते मासिक आलं,” मावशी म्हणाली.

कोमट पाण्याची वाफ नेड्राच्या तोंडावर येत होती. तिने मान वर केली नाही.

“न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने वाचलं. ऑर्बी खुर्चीतच होता, गळ्याला फडकं बांधलेला. ‘मीच खटपट करून बसवलं.’ वाचणारा म्हणाला, अरे ऑर्बी, म्हणजे तुझं हे तिचं बघून केलेलं होय! शेडमध्ये नवी माणसं आली होती, त्यांना काय ठाऊक. त्यांनी त्याला नाव ठेवलं, ‘रेडिओ’. दुसऱ्याचं वाजवतो आणि खरखर करतो, म्हणून.”

“पण इथल्या लोकांना माहीत होतं! त्यांनी ऐकलं होतं ना, अठ्ठावन्नपासून…”

“इथले लोक? छापून आलंय म्हणजे खरंच असणार, म्हणाले. आम्ही कुठली शिकलेली माणसं. दोन वर्षांत त्यांना आठवेचना आधी काय होतं ते.” मावशीचा आवाज कुठेही चढला नव्हता. “मग एका बुधवारी साक्षीच्या वेळी, जो तो उठून सगळ्यांसमोर मनातलं सांगतो तेव्हा, ऑर्बी उभा राहिला. जन्मात कधी उभा राहिला नव्हता. सगळे वाट बघत होते. तो म्हणाला, ‘ते… ते… ते…’ त्याच्या पुढे शब्द येईना. मी हात धरला तर झटकला. मान लाल झाली होती त्याची. लोक आपापल्या बुटांकडे बघत बसले. शेवटी खाली बसला. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन आला आणि पेडल उतरवलं. मी म्हटलं, का रे बाबा? म्हणाला, ‘चो… चोर नको.’ तेवढंच. मग मीही गिटार नाही वाजवली. दोन पेडलांवर मला वाजवता येत होतं, पण त्याच्यासमोर नको वाटायचं.”

शेजारी कुणीतरी पाण्यात हात घातला. दोघीतिघी हसल्या, गप्प झाल्या. झेल्माचे टॉवेल पिळणारे हात केव्हाचे थांबले होते.

“मावशी, मी तुम्हाला वाचवायला तसं म्हणाले,” नेड्रा कसंबसं म्हणाली. “ते लोक इथे आले असते, कॅमेरे घेऊन, चर्चमध्ये…”

“कुणापासून वाचवत होतीस गं? आले असते तर मी त्यांना घेवडा वाढला असता.”

इतकी वर्षं नेड्रा ‘वाचवायला म्हणाले’ हेच वाक्य मनाशी घोळवत आली होती आणि त्यावर तिचं कसंबसं भागत होतं. आता या अनवाणी पायांसमोर ते वाक्य तिच्या जिभेवरच मेलं.

“नाही,” ती म्हणाली. “ते खोटं आहे. खोलीत सगळी हुशार, शहरातली माणसं होती. ती माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मी… मला एकदा तरी माझं स्वतःचं काहीतरी हवं होतं. म्हणून म्हटलं. मावशी, म्हणताना मला ऑर्बीकाकांची आठवणसुद्धा झाली नाही. तुमची झाली, त्यांची नाही.”

“हं,” मावशी म्हणाली. “हे खरं बोललीस.”

“मला क्षमा करा.”

“माझ्याकडे काय मागतेस? माझं काही गेलं नाही. माझं नाव कुणी ‘रेडिओ’ ठेवलं नाही.” मावशीने दोन्ही पाय घमेल्यापासून मागे घेतले. फार नाही, वीतभर. पण नेड्राला ते अंतर कोसभर वाटलं. “तो जिथे अडला ना, तिथून पुढे तू बोल. इथे, उभी राहून. मग पाण्याचं बघू.”

“आत्ता?”

“त्याला वाट बघून किती वर्षं झाली ते तूच सांग. आणि मोठ्याने. पडद्यापलीकडे पुरुष आहेत, आणि फॅरिसचा एक कान गेलाय.”

नेड्रा उठली. हजारो लोकांसमोर ती बसून वाजवत आली होती, पण हातात कांडी नसताना, पायाखाली पेडल नसताना ती कधी उभी राहिली नव्हती. बायकांची कुजबुज एकेक करून विझली. चादरीपलीकडे पुरुषांचं गीत चालू होतं, तेही अर्ध्या ओळीवर थांबलं. कुणीतरी साक्ष देतंय हे तिथे शांततेवरूनच कळतं.

“ते,” नेड्रा म्हणाली. चादरीकडे तोंड करून तिने पुन्हा सुरुवात केली. “ते तिसरं पेडल… ऑर्बी टॅकेटने बनवलं. अठ्ठावन्न साली. मी नाही. मी आठ-नऊ वर्षांची पोर होते तेव्हा. त्याने बनवलं आणि मावशीने मला शिकवलं. मी ते बाहेर नेलं आणि मला विचारल्यावर माझं म्हणून सांगितलं. ते छापून आलं. ऑर्बीकाकांनी माझं काही घेतलं नाही. मी त्यांचं घेतलं. आज जगात जे कुणी ते वाजवतं, ते त्यांचं वाजवतं. चोर मी आहे.”

कुणी ‘आमेन’ म्हटलं नाही. एका घमेल्यात टॉवेलचं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

मग चादरीपलीकडून एक घोगरा, बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज आला. “आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो.”

“फॅरिस, पुरे,” झेल्मा म्हणाली. तिचा स्वर नेहमीचा नव्हता.

“मीच काढलं होतं ते नाव,” फॅरिस म्हणाला. “डबा खाताना. तो हसायचा. मला वाटायचं त्याला आवडतं.”

“त्याला नव्हतं आवडत,” मावशी चादरीकडे बघून, तितक्याच मोठ्याने म्हणाली. “आता ठाऊक झालं ना? बस खाली.”

पलीकडे खुर्ची करकरली. थोड्या वेळाने पाळकांनी गीत पुन्हा उचललं, जरा खालच्या पट्टीत, आणि एकेक आवाज त्यात मिसळत गेला. एक आवाज मात्र मिसळला नाही.

मावशीने पाय पुढे केले आणि घमेल्यात ठेवले.

नेड्राने ते धुतले. डाव्या पायाचा अंगठा वाकडा होता, घोट्याशी निळ्या शिरांची जाळी होती, आणि कातडी इतकी पातळ की जोर लावायची भीती वाटावी. ओंजळीने पाणी घेऊन तिने दोनदा, तीनदा सोडलं, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला, टॉवेलने टिपून घेतलं. धुऊन झाल्यावर हलकं वाटतं असं लहानपणी सगळ्या म्हणायच्या. तिला तसं काही वाटलं नाही. न्हाव्याच्या खुर्चीत फडकं बांधून बसलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

“आता बस,” मावशी म्हणाली आणि खुर्चीचा हात धरून उठू लागली.

“नको मावशी. तुमचे गुडघे…”

“माझ्या गुडघ्यांची चौकशी तू नको करू.”

“माझे नका धुऊ,” नेड्रा हळूच म्हणाली. “मला नाही जमायचं. खरंच सांगते, त्यापेक्षा मला बोला, काय वाटेल ते बोला.”

“बोलून झालं. बस म्हटलं ना.”

झेल्मा उशी घेऊन धावली. मावशीने उशीकडे पाहिलं, “देवाने दिलीत ती हाडं पुरेत,” असं काहीतरी पुटपुटली, आणि तरी उशी घेतली. मग एक हात झेल्माच्या खांद्यावर, एक भिंतीवर, अशी हळूहळू खाली बसली. उतरायला तिला बराच वेळ लागला. तेवढा वेळ नेड्रा खुर्चीत बसून होती, आणि तिला खुर्चीतून पळूनही जाता येईना.

पाणी आता गार झालं होतं. मावशीने तिचा उजवा पाय उचलून आत घेतला. नेड्राने नकळत मागे ओढला, तर मावशीने टाच घट्ट धरली. त्या पातळ हातांत अजून पक्की पकड होती. शेडमध्ये वीस वर्षं बटाटे निवडलेले हात. बटाट्याची माती काढावी तसे ते घोटा, तळवा, बोटं चोळत होते. हळुवारपणा नाही, राग नाही. काम होतं आणि ते नीट करायचं होतं. नेड्राचा पाय स्वच्छ होता, सकाळी तीनदा घासलेला, आणि त्या स्वच्छपणाचीच तिला लाज वाटत होती.

“तो पुस्तकवाला कोण म्हणालीस?” मावशीने वर न बघता विचारलं.

“मी कुठे म्हणाले?”

“झेल्माला परवा फोन आला होता त्याचा. तुझं गाव शोधत होता. त्याला काय सांगणार आहेस?”

“आज इथे बोलले तेच. उद्या सकाळी फोन करते, मावशी. घरी पोचल्या पोचल्या.”

“घरून नाही. आज रात्री माझ्याकडे राहा. उद्या माझ्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून कर. तू बोलशील तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत बसणार आहे.”

नेड्राने टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले. “माझ्यावर विश्वास नाही, मावशी?”

“नाही,” आर्विलामावशी म्हणाली, आणि तिने दुसरा पाय पाण्यात घेतला.